एका मुलासाठी नियम

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात तेव्हा अंधेरीपासून मुलुंडपर्यंत कुठल्याही माध्यमिक शाळेत पहिला तास साधारण सारखाच असतो. वर्गशिक्षक हजेरीपट टेबलावर ठेवतात, फळ्याच्या कोपऱ्यात तारीख आणि पटसंख्या लिहितात आणि नियम सांगायला लागतात. वेळेवर यायचं. परिपाठ चुकला तर गेटबाहेर उभं राहायचं. गृहपाठ नसेल तर दैनंदिनीत पालकांची सही. मुलींनी दोन वेण्या, रिबन शाळेच्या रंगाची. मुलांचे केस कानांवर नकोत. मेंदी नको, कडं नको, मोबाइल तर नकोच.

हे नियम शाळेच्या दैनंदिनीत पहिल्या काही पानांवर छापलेले असतात आणि पालक ते न वाचताच सही करतात. पालक म्हणून मीही केली आहे. शिक्षक म्हणून मात्र सव्वीस वर्षं दर जूनला मी ते वाचून दाखवले. विषय माझा इतिहास, पण या यादीलाही इतिहास आहे हे मी वर्गात कधी सांगितलं नाही. तो आज सांगावासा वाटतो, कारण त्यात आपली मुलं, विशेषतः आपल्या मुली, वारंवार येतात.

यादीतल्या बहुतेक नियमांवर वाद नाही. छडीवर होता, १ एप्रिल २०१० रोजी शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि त्याच्या कलम १७ने मारणं आणि मानसिक छळ करणं दोन्ही बंद केलं. निदान कागदावर. गणवेशाच्या तर मी बाजूचाच आहे. एकाच बाकावर चाळीतला मुलगा आणि टॉवरमधला मुलगा बसतो तेव्हा दोघांचा शर्ट एकाच रंगाचा असणं ही लहान गोष्ट नाही. आपल्या मोहल्ल्यांतल्या आयांना विचारा, वर्षाला दोन जोड्यांत भागतं याचं मोल त्या सांगतील.

अडचण सुरू होते ती नियमापुढे एखादं वेगळं मूल येऊन उभं राहतं तेव्हा. पन्नास जणांना जो चालतो तो एकाला चालत नाही. अशा वेळी शाळेने काय करायचं? हा प्रश्न आजचा नाही. मुंबई इलाख्याच्या दप्तरात तो १८५६पासून आहे.

त्या वर्षी जूनमध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाने अर्ज केला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. शाळा सरकारी पैशावर चालणारी, त्यामुळे जातीवरून कोणाला नाकारता येणार नाही असं तत्त्व सांगता येत होतं. पुढच्याच महिन्यात मुंबई सरकारने निर्णय दिला. न्याय तत्त्वतः अर्जदाराच्या बाजूने आहे हे सरकारने मान्य केलं. पण एक-दोन व्यक्तींसाठी आत्ताच सक्ती केली तर बाकीची मुलं शाळा सोडतील आणि ती शाळा बहुसंख्यांना निरुपयोगी होईल, असं म्हणून प्रवेश नाकारला. पुढे लंडनच्या संचालकांपर्यंत पत्रव्यवहार झाला, तत्त्वही स्पष्ट झालं. तो मुलगा मात्र बाहेरच राहिला.

त्याच १८५६मध्ये, १० ऑक्टोबरला, आजारपणामुळे माहेरी गेलेल्या सावित्रीबाई जोतीरावांना पत्र लिहितात. आपल्या गैरहजेरीत फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा त्यात उल्लेख आहे. फातिमा शेख होत्या की नव्हत्या यावर अलीकडे मोठी धूळ उडवली गेली. मला त्या वादात आज शिरायचं नाही. पत्रातली ती एक ओळ माझ्यासारख्या मास्तरला पुरेशी बोलकी वाटते. एक शिक्षिका आजारी आहे, दुसरीवर दोघींच्या वर्गांचा भार पडला आहे. धारवाडच्या शाळेत जी मुलं बसू शकत नव्हती, त्यांच्यासाठीही फुले दांपत्याने याच काळात पुण्यात शाळा चालवल्या.

धारवाडनंतर चाळीसेक वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९०० रोजी, साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमराव नावाच्या मुलाचा प्रवेश झाला. आज तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. दार आता उघडलं होतं, पण आत दुसरे नियम होते. बसायला घरून गोणपाट आणायचं, इतरांपासून वेगळं बसायचं. नळाला स्वतः हात लावायचा नाही, शिपाई तोटी उघडेल तेव्हाच पाणी. शिपाई नसेल त्या दिवशी तहान तशीच. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे. गंमत अशी, गंमत हा शब्द बरा नाही पण दुसरा सुचत नाही, की यातला एकही नियम कुठल्या दैनंदिनीत छापलेला नसेल. शाळेतले सगळ्यात कडक नियम बहुधा न लिहिलेलेच असतात. छापलेल्या नियमाविरुद्ध निदान कोर्टात जाता येतं.

स्वतंत्र भारतात असे लोक कोर्टात गेले. आपल्याकडच्या प्रकरणांकडे वळण्याआधी केरळमधलं एक सांगायला हवं, कारण पुढे कुर्ल्याच्या खटल्यातही त्याचा आधार घेतला गेला. २६ जुलै १९८५ रोजी केरळमधल्या एका हायस्कूलमधून तीन भावंडांना काढून टाकण्यात आलं. मोठा दहावीत, मधली नववीत, धाकटी पाचवीत. ती यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाची. राष्ट्रगीताला ती उभी राहत, अदबीने उभी राहत, पण गात नसत. देवाखेरीज कोणाचं स्तवन करायचं नाही ही त्यांची श्रद्धा. मुलं कायदा पाळणारी आहेत, त्यांनी अनादर केलेला नाही, असा चौकशीचा अहवाल होता, तरी नियमाकडे बोट दाखवलं गेलं. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. चिन्नप्पा रेड्डींच्या पीठाने मुलांना शाळेत परत घ्यायला सांगितलं. हा निकाल मी जितक्या वेळा वाचला तितक्या वेळा एक गोष्ट आवडली. त्यांची श्रद्धा बरोबर की चूक, हे न्यायाधीशांनी ठरवायला घेतलं नाही. श्रद्धा प्रामाणिक आहे का आणि मुलांच्या वागण्याने कोणाचं काही बिघडलं का, एवढंच पाहिलं.

आता कुर्ला. कुर्ल्याची ओळख वाचकांना करून द्यायला नको. रेल्वे, गिरणी, कोकणातून आणि उत्तरेतून आलेली माणसं, आणि १९९२-९३च्या दंगलींनंतर मिश्र वस्त्या सोडून आपल्या माणसांत राहायला आलेली कुटुंबं. वस्त्या अशा एकरंगी झाल्या की दोन समाजांची मुलं रोज एकत्र येण्याची एकच जागा उरते, ती म्हणजे शाळा. २००१च्या अखेरीस इथल्या भारत एज्युकेशन सोसायटीच्या कार्तिका हायस्कूलमध्ये एका मुलीला सांगण्यात आलं की शाळेत डोक्याला रुमाल बांधून यायचं नाही. मुलगी अज्ञान, म्हणून तिने वडिलांमार्फत मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. तिच्या वकिलांनी केरळच्या त्या तीन भावंडांचा दाखला दिला.

तो लागू पडला नाही. न्यायालयाने कुरआनातल्या सूरह अन-नूरची ३१वी आयत विचारात घेतली आणि म्हटलं की मुलगी मुलींच्याच स्वतंत्र विभागात शिकते आहे, तिथे डोकं न झाकण्याने या आयतीचा भंग होत नाही. त्यामुळे धर्माच्या गाभ्याला धक्का लागत नाही, आणि शाळेचा नियम योग्य ठरतो. हा निकाल २००३च्या ऑल इंडिया रिपोर्टरमध्ये छापला आहे.

शरियतच्या अंगाने पाहिलं तर न्यायालयाचं म्हणणं चुकीचं होतं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. फक्त बायका असतील तिथे ओढणीचा आग्रह नसतो, हे आपल्या घरांतल्या आजीही सांगतील. माझी अडचण वेगळी आहे. वाद शाळेच्या नियमाचा होता, आणि परीक्षा घेतली गेली एका शाळकरी मुलीच्या धर्मज्ञानाची. रुमालाने वर्गात नक्की काय बिघडत होतं? गणित कमी शिकवलं जात होतं का? बाजूची मुलगी तक्रार करत होती का? केरळच्या निकालात जो प्रश्न मध्यभागी होता तो इथे कडेला गेला. प्रथा धर्माला ‘अत्यावश्यक’ आहे की नाही, हे न्यायालयाने तपासायचं ही कसोटी १९५४च्या शिरूर मठाच्या खटल्यातून आली. तो खटला मठाच्या कारभाराचा होता. मठाचे स्वामी आपलं शास्त्र कोर्टापुढे मांडू शकतात. शाळेतली मुलगी काय मांडणार? ती म्हणेल, अम्मी घालते, मला बरं वाटतं, मी असंच येणार.

एक दुरुस्ती इथेच करतो, नाहीतर सहकारी शिक्षक म्हणतील की निवृत्त झाल्यावर सर उदार झाले. शाळेची भीती खोटी नसते. एकाला सवलत दिली की दुसरा मागतो, आणि तिसरा केवळ चिडवायला मागतो. २०२२च्या फेब्रुवारीत उडुपी आणि आसपासच्या कॉलेजांत हिजाबाला उत्तर म्हणून भगव्या शाली आल्या होत्या, ते दृश्य पाहून कुठल्याही मुख्याध्यापकाच्या पोटात गोळा आला असेल. पण शाल चिडवायला आणली आहे आणि रुमाल आठ वर्षांपासून डोक्यावर आहे, यातला फरक वर्गशिक्षकाला कळतो. तो न्यायाधीशाला कळणं अवघड, कारण त्याच्यापुढे मूल नसतं, कागद असतात. कर्नाटकच्या सुनावणीत केंद्रीय विद्यालयांचा दाखला दिला गेला होता, की तिथे गणवेशाच्या रंगाचा रुमाल चालतो. आपल्या उपनगरांतल्या कितीतरी शाळांनी हा मार्ग कोणाला न विचारता केव्हाच काढला आहे: निळा स्कर्ट तर निळा रुमाल, संपला विषय. अशा शाळा बातमीत येत नाहीत.

कर्नाटक उच्च न्यायालयाने १५ मार्च २०२२ रोजी बंदी कायम ठेवली, तेव्हा कुर्ल्याचा निकालही आधारासाठी पुढे आला. एका मुलीच्या रुमालावरचा निर्णय वीस वर्षांनी दुसऱ्या राज्यातल्या शेकडो मुलींना लागू झाला. १३ ऑक्टोबर २०२२ला सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींची मतं फुटली. न्या. हेमंत गुप्तांनी बंदी योग्य मानली. न्या. सुधांशू धुलियांनी विचारलं की हिजाब घालते एवढ्यासाठी मुलीला शिक्षण नाकारून आपण तिचं आयुष्य सुधारतो आहोत का. प्रश्न पुन्हा मुलीकडे आला, पण निर्णय लागला नाही.

मग चेंबूर. कुर्ल्यापासून हार्बर लाइनवर दोन स्टेशनं पुढे. इथल्या आचार्य-मराठे कॉलेजने मे २०२४मध्ये नव्या वर्षासाठी पोशाखाचे नियम कळवले, तेही व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर. बुरखा, नकाब, हिजाब, बॅज, टोपी, स्टोल, सगळं बंद. पोशाख ‘फॉर्मल आणि सभ्य’ हवा. विज्ञान शाखेत दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या नऊ मुली उच्च न्यायालयात गेल्या. २६ जून रोजी न्या. चांदूरकर आणि न्या. पाटील यांच्या खंडपीठाने त्यांची याचिका फेटाळली. नियम सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांना सारखा आहे, कोणाचा धर्म पोशाखातून दिसू नये हा त्यामागचा हेतू आहे, असं न्यायालयाने मानलं. याच सुमारास कॉलेजने फाटक्या जीन्स आणि टी-शर्टवरही बंदी घातली, त्यामुळे नियम खरोखरच सर्वांना सारखा आहे असं म्हणायची सोय झाली. पण जीन्सवाला मुलगा घरी जाऊन पँट बदलून येतो.

९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयात न्या. संजीव खन्ना आणि न्या. संजय कुमार यांनी हिजाब, टोपी, बॅजच्या बंदीला अंतरिम स्थगिती दिली. वर्गात चेहरा झाकणारा बुरखा चालणार नाही, हे त्यांनी स्पष्ट ठेवलं, आणि आवारात धार्मिक कार्यक्रमही नाहीत. सुनावणीत पीठाने कॉलेजला विचारलं, टिळा आणि टिकलीवर बंदी घालणार का? धर्म तर नावातूनही कळतो, मग मुलांना नंबरने हाक मारणार का? हे प्रश्न वाचून मला हजेरीपट आठवला. आम्ही वर्षानुवर्षं मुलांना नंबरनेच हाक मारतो. एक, हजर. दोन, हजर. पण तेवीस नंबर कोण, हे सगळ्या वर्गाला माहीत असतं.

इथपर्यंत वाचून आपल्यातले काहीजण खूश झाले असतील, म्हणून आपल्याबद्दलही बोलू. आपल्या समाजाने चालवलेल्या काही शाळांत ओढणी सक्तीची आहे. ती घरी विसरलेल्या मुलीला गेटवर थांबवतात, आई येईपर्यंत. चेंबूरला गेटवर अडवलेल्या मुलीसाठी आपण मोर्चा काढू, आणि आपल्या गेटवर अडवलेली मुलगी मात्र शिस्त शिकते आहे असं म्हणू? अंजुमन-ए-इस्लामचे एक संस्थापक बद्रुद्दीन तय्यबजी यांनी आपल्या मुलींना मुंबईत शाळेत घातलं आणि १९०४मध्ये दोघींना इंग्लंडला शिकायला पाठवलं. आपल्याच लोकांकडून काय ऐकावं लागेल याची कल्पना त्यांना नसेल असं नाही. सच्चर समितीने २००६च्या अहवालात सांगितलं की ६ ते १४ वयाची मुस्लिम मुलं घेतली तर चारातलं एक मूल शाळेत कधी गेलेलंच नाही किंवा मध्येच गळलं आहे. हा आकडा आपल्या जलशांमध्ये अश्रू गाळायला वापरला जातो. ती मुलं नेमकी कुठल्या दिवशी, कुठल्या कारणाने यायची थांबली, याची चौकशी कमी होते. कारण बहुतेक वेळा लहान असतं. फी, पाळी, घरकाम, जरीचं काम, आणि कधीकधी एखादा नियम.

असा एक नियम माझाही होता. उपनगरातल्या एका शाळेत, नाव सांगत नाही, मी नववीचा वर्गशिक्षक होतो. मधल्या सुट्टीनंतरचा तास माझा, आणि माझा नियम असा की घंटेनंतर पाच मिनिटांनी दार बंद. वर्गात पाच-सहाच मुस्लिम मुलं. त्यातला एक मुलगा शुक्रवारी जुम्याला जायचा. मशीद सात-आठ मिनिटांवर, जमात दीड वाजता. तो धापा टाकत यायचा तेव्हा दोनला दहा कमी असायचे. मी त्याला तास संपेपर्यंत बाहेर उभा करायचो. इतर कोणी शिक्षक असता तर कदाचित सोडून दिलं असतं. मी नाही दिलं, कारण मी मुसलमान होतो आणि सर आपल्या मुलाला झुकतं माप देतात असं कोणी म्हणू नये याची मला धास्ती होती. त्याने मला कधी विचारलं नाही की सर, तुम्ही जुम्याला का जात नाही. विचारलं असतं तर उत्तर नव्हतं.

दिवाळीनंतर हजेरीपटाची महिनाअखेरची बेरीज करत होतो. त्याच्या नावापुढे नोव्हेंबरमध्ये चार ‘गै’, चारही शुक्रवारी. ऑक्टोबर उलटून पाहिला, तिथेही तेच. तो अर्धा दिवस चुकवायच्या ऐवजी अख्खा शुक्रवारच चुकवत होता. सकाळचे बीजगणित, विज्ञान, मराठी, सगळे तास गेले होते. त्याने बाकी काही बिघडवलं नव्हतं. बिघडलं ते माझ्या दारामुळे.

मी हे शिक्षकखोलीत बोललो. शेजारी बसणाऱ्या मराठीच्या बाई वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “अहो सर, शुक्रवारी तुमच्या जागी खेळाचा तास टाका की. मैदानावर कोण दहा मिनिटं उशिरा आलं ते कोणाला दिसतंय?” वेळापत्रक बघणाऱ्या सरांनी जरा कुरकुर केली, कारण मैदान त्या वेळेला सातवी ‘ब’कडे होतं. सातवी ‘ब’ गुरुवारी गेली. माझा इतिहास शुक्रवारी शेवटच्या तासाला आला, जेव्हा मुलं पेंगत असतात, आणि वर्षभर मला त्या पेंगणाऱ्या वर्गाला फ्रेंच राज्यक्रांती शिकवावी लागली.

डिसेंबरच्या हजेरीपटात त्या मुलाच्या नावापुढे एकच ‘गै’ होता, तोही मंगळवारचा. ताप आला होता, चिठ्ठी होती.